आपल्या वाट्याची खतपत्रं

(तालुक्याच्या वाचनालयातील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



संयोजकांनी फोनवर मला विषय सांगितला तो असा : ‘आहे त्यात समाधान मानावं की वेगळ्या आयुष्याची आस धरावी?’ मी म्हटलं, हा तर वादविवाद स्पर्धेचा विषय झाला. एक जण अनुकूल बोलणार, एक प्रतिकूल, आणि परीक्षक चहा घेऊन निकाल लावणार. त्यावर ते म्हणाले, “मॅडम, गुरुजी असते तर त्यांना हाच विषय आवडला असता.” ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ आहे त्या गुरुजींच्या नावाचा हा युक्तिवाद बिनतोड असतो. तेव्हा आले.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन्ही उत्तरं एकाच भिंतीवर लावलेली असतात. एका खिळ्याला तुकोबा, दुसऱ्याला लोकमान्य. सोयरिकीच्या बोलण्यात ‘मुलगी समाधानी आहे हो’ यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही, आणि त्याच घरातला सहावीतला मुलगा ‘भारतीय असंतोषाचे जनक’ हे पाठ करून गुण मिळवतो. ही पदवी खरं तर शिवी होती. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१०च्या आपल्या पुस्तकात टिळकांवर हा ठपका ठेवला. टिळकांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो विलायतेत जाऊन लढवला आणि १९१९ मध्ये ते तो हरले. निकाल चिरोलच्या बाजूने लागला, पदवी मात्र आपण टिळकांना बहाल केली आणि बाळगली.

पण टिळकांनी या विषयावर नुसतं नाव कमावलेलं नाही, विचारही केला होता. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. ते छापून आलं १९१५ मध्ये. त्यातल्या सुखदुःखविवेकाच्या प्रकरणात संतोष-असंतोषाचा प्रश्न येतो. महाभारताच्या सभापर्वात असंतोष हेच वैभवाचं मूळ, असं सांगणारं पात्र कोण, तर दुर्योधन. पांडवांचं ऐश्वर्य पाहून त्याला झोप येत नाही आणि तो बापाला असंतोषाचं तत्त्वज्ञान ऐकवतो. टिळकांपुढे अडचण अशी की वाक्य पटण्यासारखं आहे, पण तोंड दुर्योधनाचं आहे. त्यांनी वाट काढली ती साधारण अशी : उपभोगाच्या हावेतून येणारा असंतोष निंद्य; पण आहे ती स्थिती सुधारावी म्हणून, फळावर डोळा न ठेवता, माणसाला कामाला लावणारा असंतोष निंद्य नव्हे.

हे उत्तर मला मान्य आहे, आणि तरीही ते पुरत नाही. त्यात माणूस एकटा आहे. त्याचं मन, त्याची वासना, त्याचं कर्म. प्रत्यक्षात समाधानी माणसाच्या घरात आणखी चार माणसं असतात आणि असमाधानी माणसाच्या घरातही असतात. म्हणून आज मला विचारायचा आहे तो हिशेबाचा प्रश्न. समाधान कुणाचं, आस कुणाची, आणि खर्च कुणाच्या नावावर?

आपल्या परंपरेत या हिशेबाचा एक नमुना आहे. तुकोबांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. घरी सावकारी होती, वाणीपण होतं. दुष्काळ पडला, पहिली बायको अन्नावाचून गेली, धंदा बुडाला. मग वैराग्य आलं आणि लोकांकडच्या येण्याची खतपत्रं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. कीर्तनकार इथे टाळ्या घेतात आणि पुढे जातात. पण परंपरेने सांगितलेल्या या कथेत मधे एक तपशील आहे. बुडवण्याआधी तुकोबांनी कागदांच्या वाटण्या केल्या. निम्मे धाकट्या भावाला, कान्होबाला दिले. बुडवले ते आपल्या वाट्याचे. कान्होबाने त्याच्या वाट्याच्या कागदांचं काय करायचं, वसुली करायची की नाही, हे त्याच्यावर सोडलं.

मला या कथेत नदीपेक्षा ती वाटणी मोठी वाटते. वैराग्याच्या ऐन भरात, सगळं झुगारून द्यायला निघालेला माणूस थांबतो आणि बघतो की यातलं माझं किती. भावाच्या वतीने विरक्त व्हायचा हक्क आपल्याला नाही, हे त्याला कळतं. आता कुणी म्हणेल, बायकोच्या वतीने? हा प्रश्न रास्त आहे. जिजाईच्या, म्हणजे दुसऱ्या बायकोच्या, वाट्याचे कागद कुणी वेगळे काढले नाहीत. ती कीर्तनात आणि सिनेमात कजाग म्हणून येते, लोक हसतात. घरात दाणा नसताना विठोबाला चार शब्द सुनावणाऱ्या बाईला कजाग म्हणायचं असेल तर म्हणावं, पण तिच्या वाट्याला जे आलं ते तिने निवडलेलं नव्हतं, एवढी नोंद तरी करावी.

आता दोनअडीचशे वर्षं पुढे येते. महर्षी कर्वे. धोंडो केशव कर्वे वाढले कोकणात, मुरूडला. १८७५ मध्ये सरकारी परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला पायी गेला. शंभरावर मैल, मधे सह्याद्री. तिथे पोहोचल्यावर परीक्षेच्या साहेबांनी पाहिलं, हा तर वयाने लहान दिसतो, आणि बसू दिलं नाही. वय खरं तर पुरं होतं, अंगकाठी आड आली. पोर परत फिरलं. या प्रसंगाला प्रेरणादायी म्हणण्याची पद्धत आहे. मला त्यात प्रेरणेपेक्षा त्या काळच्या खेड्यातल्या मुलाची आस दिसते. त्याला मुरूडात भुकेने मरायची पाळी आली होती असं नाही. त्याला दुसरं आयुष्य हवं होतं, आणि त्याचा खर्च होता स्वतःचे पाय.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. गणितात बी.ए., फर्ग्युसनमध्ये प्राध्यापकी, पहिल्या पत्नी राधाबाईंचं निधन, १८९३ मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, पुनर्विवाह. मुरूडने बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, मग हिंगण्याच्या माळावर झोपडी, रोज कॉलेज ते हिंगणे पायी. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. १९५८ मध्ये भारतरत्न, आणि आयुष्य १०४ वर्षांचं. टिळकांना अभिप्रेत असलेला माणूस बघायचा तर मी कर्व्यांकडे बोट दाखवेन. टिळकांशी त्यांचं किती जमत होतं हा भाग वेगळा. स्वतःच्या कपड्यालत्त्याबद्दल, खाण्यापिण्याबद्दल, मानपानाबद्दल पूर्ण समाधानी; आणि विधवांच्या स्थितीबद्दल इतके असमाधानी की त्यासाठी जातील त्या गावी झोळी पुढे करायचे.

पण त्यांच्या आत्मचरित्राशेजारी त्यांच्या पत्नीचं ‘माझे पुराण’ ठेवून वाचा. गोदूबाई, लग्नानंतर आनंदीबाई, घरात बाया. लहानपणीच विधवा झाल्या. वर्षानुवर्षं सासरी राबल्या. विशी उलटल्यावर, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झाल्या. त्या सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी त्याच. म्हणजे कर्वे भेटायच्या आधीच या बाईने वेगळ्या आयुष्याची वाट धरली होती. हे आपण विसरतो. आपल्या डोळ्यांपुढे चित्र येतं ते असं की कर्व्यांनी तिला हात देऊन वर काढलं.

संसार सुरू झाला आणि बायांना कळलं की घरातला पैसा घरात राहणार नाही. साठवलेलं आश्रमाला गेलं, आणि एक दिवस आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही कर्व्यांनी आश्रमाला देऊन टाकली. एकदा विधवा होऊन बसलेली बाई आहे. नवरा गेल्यावर काय होतं हे तिला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. पदरात मुलं आहेत. आणि तिच्यासाठी ठेवलेला तो एक कागद, तोही गेला. त्या रागावल्या, रडल्या, आणि मग सुईणीचं शिक्षण घेऊन कमवायच्या तयारीला लागल्या. पुढे त्यांनी आश्रमासाठी स्वतः वर्गणीही गोळा केली. मोठ्या मनाच्या होत्याच. परंतु मोठं मन दाखवण्याआधी त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

कर्व्यांचा अवमान करायला मी हे सांगत नाही. त्यांनी विम्याचे पैसे दारूत घातले नाहीत, शेकडो मुलींच्या शिक्षणात घातले. मी एवढंच म्हणते की पॉलिसी आनंदीबाईंच्या वाट्याची होती. कान्होबाला त्याची निम्मी खतं मिळाली, बायांना त्यांची मिळाली नाहीत.

आता दुसरी बाजू. स्वतःच्या समाधानाचा खर्च दुसऱ्यावर टाकणारे निदान स्वतः काही सोसतात. पण आपण स्वतः खाऊनपिऊन सुखी राहून दुसऱ्याला ‘आहे त्यात आनंद मान’ म्हणणारा एक मोठा वर्ग आपल्या समाजात कायम राहिला आहे. विधवेला हेच सांगितलं गेलं. कुळाला हेच सांगितलं. गावकुसाबाहेर तर शतकानुशतकं दुसरं काही सांगितलंच नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषद भरली. मनुस्मृती जाळली म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकर स्त्रियांशी वेगळं बोलले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात या चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास आहे, मिळवून वाचा. बाबासाहेब काय बोलले? लुगडं कसं नेसावं. गुडघ्यापर्यंत आखूड नेसण्याची जी रीत तुमच्या जातीची खूण म्हणून लादली गेली ती सोडा, पायघोळ नेसा. गळ्यातहातातले ते ढीगभर दागिने, जे बघताच जात कळते, ते टाका. मेलेल्या जनावराचं मांस घरात शिजवू नका. मुलींना शाळेत घाला. आणि बायकांनी लगेच नेसणं बदललं.

लुगड्याची लांबी हातभर वाढते, यात क्रांती कसली, असं कुणाला वाटेल. पण ज्या बाईला आयुष्यभर सांगितलं गेलं की तुझ्या नेसण्यातच तुझी पायरी आहे, तिला त्या हातभर कापडात वेगळं आयुष्य दिसलं असणार. बोलणारा माणूस कितीही मोठा असो, निऱ्या ज्याच्या त्यालाच घालाव्या लागतात.

बाबासाहेबांच्या बाबतीतही खर्चाचा प्रश्न सुटत नाही. ते लंडनला शिकत होते तेव्हा मुंबईत त्यांच्या पत्नी रमाबाई काय खात होत्या याचा विचार करा. मुलं गेली, औषधपाण्याला पैसा नव्हता. १९३५ मध्ये त्या गेल्या. पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला आणि त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी त्या हलाखीच्या, मित्र नसलेल्या दिवसांत रमाबाईंनी बरोबरीने सोसल्याची नोंद केली. माणूस मोठा असल्याची एक खूण मी इथे मानते. कुणाच्या नावावर काय खर्ची पडलं हे त्यांनी लिहून ठेवलं. बहुतेक थोर पुरुषांच्या वह्यांत ते पानच नसतं.

आता आजचं बोलू, कारण समोर मागच्या रांगांत तरुण मुलं बसलेली दिसताहेत आणि त्यातली निम्मी तरी ‘स्पर्धा’वाली, म्हणजे स्पर्धा परीक्षा देणारी, असावीत.

मी ज्या कॉलेजात शिकवत होते ते पुण्याच्या पेठांपासून लांब नाही. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुलं-मुली तिथे कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात आणि अभ्यासिकेत बसतात. अभ्यासिका ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. एका हॉलमध्ये प्लायवूडचे आडोसे घालून कप्पे केलेले. कप्प्यात एक खुर्ची, एक फळी, एक दिवा, पाण्याची बाटली. फळीवर जुन्या प्रश्नपत्रिका, समोरच्या प्लायवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या : कलमं, समित्या, नद्या. आणि सगळ्यात वर एक चिठ्ठी, तिच्यावर स्वतःचं नाव आणि नावाखाली न मिळालेलं पद. उपजिल्हाधिकारी. पोलिस उपअधीक्षक. काही कप्प्यांत ती चिठ्ठी पिवळी पडलेली असते.

जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. राज्यसेवेला खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३८, मागास प्रवर्गांसाठी ४३. म्हणजे माणूस नियमाने विशीपासून चाळिशीच्या दारापर्यंत, काही जण तर ते ओलांडूनही, उमेदवार राहू शकतो. ‘दोन मार्कांनी गेलं’, ‘यंदा कटऑफ वर गेला’, ‘प्रीलिम निघाली होती, मेन्सला अडकलो’ ही तिथली भाषा.

या मुलांना समाधानाचा उपदेश करायला पुण्यात माणसं कमी नाहीत. ‘गावाकडे शेती करा, मातीत राहा,’ असं फ्लॅटच्या बाल्कनीतल्या कुंडीला पाणी घालता घालता सांगतात. मला त्याची चीड येते. सोयाबीनचा भाव, कापसावरची बोंडअळी, आणि शेतकरी मुलाला कुणी मुलगी न देणं, हे सगळं ज्याने पाहिलं आहे त्याची सरकारी नोकरीची आस ही हाव नाही. तो सुरक्षित महिना मागतोय, आणि तहसील कचेरीत बापाशी कुणी नीट बोलावं एवढं मागतोय. ती आस असंतोषाच्या कुठल्याही कसोटीवर उतरेल.

प्रश्न पुन्हा वाट्याचा आहे. एक मुलगा माझ्याकडे यायचा, पुस्तकं न्यायला. हुशार होता. खूप वर्षं देत होता परीक्षा. एकदा म्हणाला, “मॅडम, परीक्षा सोडायची आता भीती नाही वाटत. सोडली, हे घरी सांगायची वाटते.” मी विचारलं, तुला स्वतःला काय करायचंय? तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “ते बघावं लागेल.” चिठ्ठीवरचं पद कुणी लिहिलं होतं? अक्षर त्याचं होतं. आस बापाची होती, मामाची होती, निकालाच्या दिवशी गुलाल उधळणाऱ्या गावाची होती. बापाने एक एकर विकलं होतं आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं. न बोललेलं कर्ज फेडायला फार जड जातं.

मी बापाला दोष देत नाही. त्याला जे आयुष्य मिळालं नाही ते पोराला मिळावं, यात वाईट काय? वाईट इतकंच की दुसऱ्याच्या वाट्याचं समाधान जसं आपण परस्पर मानू शकत नाही, तशी दुसऱ्याच्या वाट्याची आसही परस्पर धरू शकत नाही. आणि मधे क्लासवाले आहेत. त्यांचा धंदाच आसेवर चालतो. फ्लेक्सवर यशस्वी उमेदवारांचे फोटो असतात. किती जणांनी फी भरली तो आकडा कुठल्याच फ्लेक्सवर नसतो. पलीकडे समाधान विकणारेही आहेत, दोन दिवसांचं निवासी शिबिर, मौन, सात्त्विक भोजन, नोंदणी ऑनलाइन. दोघांच्या जाहिराती आता एकाच खांबावर लागतात. त्याबद्दल फार बोलण्यासारखं काही नाही.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. अभ्यासिकेत ज्या मुली येतात त्यांना मुलांइतकी वर्षं मिळत नाहीत. वयोमर्यादा लोकसेवा आयोगाची एक आणि घरची एक. ‘दोन वर्षं देतो, नाही झालं तर स्थळं बघायची,’ या बोलीवर त्या आलेल्या असतात. गंमत अशी की ही बोली स्पष्ट असते. मुदत ठरलेली, अट ठरलेली. मुलग्यांना अशी बोली कुणी करून देत नाही, म्हणून ते अडकतात. मुलींना करून देतात, पण त्यांना न विचारता. माझ्या मनात एक साधी सुधारणा आहे. बोली दोघांच्याही बाबतीत व्हावी, आणि ती ज्याची परीक्षा त्याने स्वतः करावी. किती वर्षं, कुणाच्या पैशाने, आणि नाही झालं तर पुढे काय. कागदावर लिहावी, घरच्यांसमोर वाचावी. त्यात कमीपणा नाही. आयुष्य बदलायला निघालेल्या माणसाने आधी खर्चाचा कागद मांडला तर त्याची आस कमी होत नाही. साताऱ्याला पायी निघालेल्या पोरांनीही शिधा किती लागेल ते बघितलंच असेल.

आणि ज्यांना वेगळं काही नकोच आहे, त्यांचं काय? अशी माणसं असतात, आणि ती हरलेली नसतात. माझ्या ओळखीचे एक ग्रंथपाल बढती नाकारून त्याच टेबलावर निवृत्त झाले. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे म्हाताऱ्या आईला हलवणं. आईला विचारलं, ती म्हणाली, मी येते तुझ्याबरोबर. बायकोला विचारलं, ती म्हणाली, मला इथेच बरं. मग त्यांनी ठरवलं. लोक म्हणायचे महत्त्वाकांक्षा नाही. असेल नसेल. पण घरात प्रत्येकाला विचारून मानलेलं समाधान मी तेवढं एकच जवळून पाहिलं आहे, आणि ते टिकलं.

वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळ बघताहेत. जाता जाता पदाधिकाऱ्यांना एक विनंती आहे. सकाळी मी इथल्या चरित्र विभागाच्या कपाटापाशी गेले होते. धोंडो केशव कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ आहे, चांगलं बांधणी केलेलं. आनंदीबाईंचं ‘माझे पुराण’ नाही. मी माझी प्रत घेऊन आले आहे, ती आज इथेच ठेवून जाते. दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर, शेजारीशेजारी लावा, आणि कुणी एक मागायला आलं तर दुसरंही हातात द्या.